मद्यकक्षातील पहिली नोकरी : प्रशिक्षण, कायदा आणि स्त्रियांचा रोजगाराचा हक्क

प्रस्तावना :
हॉटेलच्या मद्यकक्षात पहिली नोकरी धरू पाहणाऱ्या व्यक्तीला बरीच पूर्वतयारी करावी लागते. किण्वित व ऊर्ध्वपातित मद्यांतील भेद, पेल्यांचे प्रकार, मापाने ओतण्याची शिस्त, साठ्याच्या नोंदी आणि ग्राहकाला केव्हा थांबवावे याचे भान ही त्या तयारीची प्रमुख अंगे होत. परंतु ही तयारी पूर्ण करूनही स्त्रीला त्या कक्षात काम करण्याची मुभा होती काय, हा प्रश्न दिल्लीत २००७ पर्यंत वादाचा होता. या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत निबंधात मांडला आहे.

१९१४ चा कायदा :
ब्रिटिश राजवटीतील पंजाब अबकारी कायदा, १९१४ हा पुढे दिल्लीलाही लागू होता. त्याच्या कलम ३० नुसार, परवानाप्राप्त जागेच्या ज्या भागात लोक मद्यपान करतात, तेथे २५ वर्षांखालील पुरुषास किंवा कोणत्याही स्त्रीस सवेतन वा विनावेतन कामास ठेवण्यास मनाई होती. या तरतुदीतील भेद लक्षणीय आहे. पुरुषावरील बंदी वयाबरोबर संपत असे. स्त्रीवरील बंदीला मात्र अंत नव्हता. संरक्षणाच्या नावाखाली तिला कायमचे अपात्र ठरविण्यात आले होते.

शिक्षणाचा विस्तार :
स्वातंत्र्योत्तर काळात परिस्थिती पालटू लागली. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. विशेष म्हणजे, त्या वेळी मुंबई राज्यात दारूबंदी होती. १९८२ मध्ये या शिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. खाद्यपेय-सेवा हा विषय मुलगे व मुली एकाच वर्गात शिकू लागले. कलम ३० मुंबईला लागू नव्हते. मुंबईत मद्यविक्रीच्या जागी काम करणाऱ्यास अबकारी खात्याचा ‘नोकरनामा’ घ्यावा लागे. याच शहरात १९८० च्या दशकात शतभी बसू यांनी बारटेंडर म्हणून नाव मिळविले आणि पुढे या व्यवसायाचे प्रशिक्षण देणारी संस्थाही काढली. दिल्लीत मात्र कायद्याच्या शब्दांनुसार अशा वाटचालीला जागा नव्हती. वर्गात जे शिकविले जात होते, तेच कामाच्या जागी निषिद्ध होते.

न्यायालयीन निर्णय :
हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेने या कलमास आव्हान दिले. १२ जानेवारी २००६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांवरील बंदी घटनाबाह्य ठरविली. त्याविरुद्ध दिल्लीतील काही रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ‘अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया’ या खटल्यात न्या. एस. बी. सिन्हा व न्या. हरजित सिंग बेदी यांच्या खंडपीठाने ६ डिसेंबर २००७ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. राज्यघटनेपूर्वीचा कायदा अनुच्छेद ३७२ मुळे टिकून राहिला, तरी तो समतेच्या कसोटीवर तपासता येतो, असे न्यायालयाने मानले. हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी वेळ, पैसा व श्रम खर्च केलेल्या तरुण पदवीधरांचा रोजगार या बंदीमुळे हिरावला जाईल, याचीही न्यायालयाने दखल घेतली. सुरक्षिततेचा प्रश्न न्यायालयाने नाकारला नाही. मात्र त्यावरील उपाय म्हणून स्त्रीला बाहेर ठेवण्याऐवजी शासनाने कामाची जागा सुरक्षित करावी, अशी भूमिका त्याने घेतली.

या निर्णयाने प्रश्न सर्वत्र एकदम सुटला नाही. अबकारी हा राज्यांचा विषय असल्याने इतर राज्यांतील जुन्या तरतुदी टिकून राहिल्या. बंगाल अबकारी कायदा, १९०९ मधील अशा बंदीत बदल करणारे विधेयक पश्चिम बंगाल विधानसभेने २०२५ मध्ये संमत केले.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यवसायाची पूर्वतयारी ही केवळ कौशल्याची बाब नसते. अभ्यासक्रम एक दार उघडतो, पण दुसरे दार कायद्याच्या हाती असते. १९१४ च्या कायद्याने संभाव्य धोक्याची किंमत स्त्रीकडून वसूल केली. २००७ च्या निर्णयाने ती जबाबदारी शासनावर टाकली. व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील बोध स्पष्ट आहे. ज्या कामासाठी विद्यार्थिनीला तयार केले जाते, त्या कामापर्यंत पोहोचण्याचा तिचा मार्ग मोकळा आहे की नाही, हेही पाहणे शिक्षणाच्याच कक्षेत येते.