तंजावर : कावेरीकाठचे मराठी विद्यानगर

एखाद्या भाषेचे वैभव तिच्या मायभूमीतच फुलते असे नाही. दहाव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा हे नगर अरबस्तानापासून अतिदूर असूनही अरबी विद्येचे माहेरघर झाले होते. खलिफा दुसरा अल् हकम (९६१–९७६) याच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते, असे जुने इतिहासकार सांगतात. त्या काळचा थोर शल्यवैद्य अल् झहरावी हाही त्याच परिसरातला.

मराठीच्या इतिहासात असे स्थान तंजावरला आहे. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. चोळांची मंदिरे आणि नायकांच्या काळातील तेलुगू साहित्य यांनी संपन्न झालेल्या या तमिळ नगरीत मराठी पाहुणी म्हणून आली आणि घरचीच झाली. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) मराठीबरोबर तेलुगूतही नाटके रचली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ मराठीतील आद्य नाटकांत गणले जाते. मराठी कीर्तनाच्या संस्काराने दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप लाभले.

या परंपरेचा कळस म्हणजे सरफोजीराजे (१७९८–१८३२). १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांनी आपले सारे लक्ष विद्येकडे वळविले. नायककालीन ग्रंथसंग्रहाचा त्यांनी ‘सरस्वती महाल’ म्हणून विस्तार केला. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. स्वतःच्या छापखान्यातून इसापनीतीचे मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ १८०६ मध्ये प्रसिद्ध केले. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदले. नेत्ररुग्णांवरील उपचारांच्या नोंदी तेथे काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या.

मात्र दोन्ही नगरांच्या ग्रंथांचे भाग्य निराळे ठरले. कॉर्डोब्यात अल् मन्सूरने कर्मठांना प्रसन्न करण्यासाठी तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले. पुढे अकराव्या शतकाच्या आरंभी यादवी माजली आणि उरलेले ग्रंथ विखुरले. तंजावरातही १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्यासह राजवाड्यातील मालमत्ता ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दाद मागितली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. तरीही पुढे सरकारने खासगी मालमत्ता राजघराण्याला परत केली. ग्रंथसंग्रह अभंग राहिला आणि १९१८ मध्ये जनतेसाठी खुला झाला.

तेथील मराठी हस्तलिखिते आज तीन हजारांहून अधिक आहेत. मोडी कागदपत्रांची शेकडो बाडे निराळीच. संस्कृत, तमिळ व तेलुगू ग्रंथांच्या शेजारी ती सुरक्षित आहेत. परंतु मोडी वाचणारे विरळ झाले आहेत. राजसत्ता लोपल्यावरही ग्रंथ टिकू शकतात, हे तंजावरने दाखवून दिले. ते उलगडणारे वाचक मात्र प्रत्येक पिढीत नव्याने घडवावे लागतात, आणि हे काम मराठी शाळेच्या वर्गातच सुरू होते.