वेशीच्या आत, मारुतीच्या मागं

औसा तालुक्याचा एका मैलाला एक इंच प्रमाणाचा जुना नकाशा उघडला, की किल्लारी, मंगरूळ ही गावं आपापल्या मूळ जागी सापडतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात ती जमीनदोस्त झाली. गणपती बोळवून लोक नुकतेच आडवे झाले होते. दगडामातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती. जवळपास दहा हजार माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नावं तीच राहिली.

माझे आजोबा तिकडचेच. त्यांची टपालाची पेटी औशाला आमच्या घरी होती, म्हणून वाचली. तळाशी एक लिफाफा आहे निजाम सरकारच्या तिकिटाचा. उर्दू, इंग्रजी, तेलुगूच्या जोडीला त्यावर मराठी अक्षरंही आहेत. संस्थानाचं टपाल एप्रिल १९५०मध्ये भारतीय टपालात विलीन झालं. पुढच्या कार्डांवर आधी जिल्हा उस्मानाबाद, मग १९८२नंतर लातूर. पण मला मोलाच्या वाटतात त्या गावाच्या नावाआधीच्या ओळी: ‘वेशीच्या आत, मारुतीच्या मागं’, ‘सुताराच्या आडाजवळ’. नकाशावर गाव म्हणजे नुसता एक तांबडा डाग. त्यातल्या गल्ल्या या कार्डांवरच उरल्यात.

कार्ड हातात दिलं की आजोबा बोलू लागतात. निजामाच्या राजवटीत रझाकारांची धाड आली, त्या रात्री बायालेकरं या माळवदावरून त्या माळवदावर अशी पार गावाच्या टोकाला गेली आणि तिथून शिवारात उतरली. "घराला घर चिटकून होतं बाबा. समदी गल्ली वरूनच पार झाली. खाली उतरायची गरजच पडली नाही." पुढं कितीतरी कुटुंबं बार्शीकडं गेली. याच माळवदांची माती १९९३ला अंगावर आली.

पुनर्वसनात घर मिळालं जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढं ७५०. घरं भक्कम मिळाली, आणि उघड्यावर पडलेल्या माणसाला त्याचं मोल फार मोठं असतं. पण भूमिहीन सुतार एका रांगेत गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या आडाचं पाणी भरणारा शेतकरी दुसऱ्या रांगेत. शेजार मोडला तो असा. मला हे नुकसान पडलेल्या भिंतींइतकंच मोठं वाटतं, आणि त्याचा पंचनामा कुणी केला नाही.

म्हणून आजोबांसारखी जाणती माणसं आहेत तोवर जुन्या गावाची घरं कागदावर मांडायला घेतलीत. नकाशाची प्रत मोठी करून घेतली, पत्रांवरचे पत्ते त्यावर उतरवले. मारुतीपर्यंतची ओळ जुळली. सुताराच्या आडापाशी मात्र अडलंय. आजोबा तो वाटेच्या डाव्या हाताला सांगतात. त्यांच्या शेजारच्या काकू आता नव्या गावात शेवटच्या रांगेत राहतात, त्या ठाम म्हणतात, "उजव्या हाताला. रोज पाणी मी शेंदायची, त्यांनी कवा शेंदलं?"