ईथरनेट जोडणी : वेग व द्विदिशता

संगणकजालातील स्विच या उपकरणाचे पोर्ट आणि त्यास तारेने जोडलेले यंत्र यांच्यात माहिती किती वेगाने व कोणत्या रीतीने जावी-यावी, हे ठरविणारी व्यवस्था. एका वेळी एकच बाजू प्रेषण करीत असेल, तर त्या रीतीस अर्धद्विदिश अथवा हाफ डुप्लेक्स आणि दोन्ही बाजू एकाच वेळी प्रेषण करीत असतील, तर तिला पूर्णद्विदिश अथवा फुल डुप्लेक्स म्हणतात. वेग दर सेकंदास मेगाबिट म्हणजे दहा लक्ष बिट या एककात सांगतात. जोडणी सुरळीत चालण्यासाठी या दोन्ही बाबी तारेच्या दोन्ही टोकांना सारख्या असाव्या लागतात.

एकाच तारेवरून एकाच वेळी दोन दिशांनी संदेश पाठविण्याची कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. व्हिएन्ना येथे यूलिउस व्हिल्हेल्म गिंट्ल यांनी १८५३ मध्ये द्विदिश तारायंत्राचा प्रयोग केला. अमेरिकेत जोसेफ स्टर्न्स यांनी १८७२ च्या सुमारास ती पद्धत व्यवहारोपयोगी केली. ईथरनेटचा आरंभ मात्र अर्धद्विदिश रीतीनेच झाला. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून हे जाल विकसित केले. त्याचा वेग २.९४ मेगाबिट होता. सर्व यंत्रे एकाच समाक्ष तारेवर जोडलेली असत. प्रत्येक यंत्राने आधी कानोसा घ्यावा, तार मोकळी असल्यास प्रेषण करावे आणि दोघांची टक्कर झाल्यास थांबून यदृच्छ कालावधीनंतर पुन्हा प्रयत्न करावा, असा नियम होता. १९८० मध्ये १० मेगाबिट वेगाचे विनिर्देश प्रसिद्ध झाले.

१९९० मध्ये पीळ दिलेल्या तारजोड्यांवरील ईथरनेटला मानक रूप मिळाले. त्याच वर्षी विनोद भारद्वाज व लॅरी ब्लेअर यांनी स्थापिलेल्या ‘कल्पना’ या कंपनीने पहिला ईथरनेट स्विच बाजारात आणला. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र तार व स्वतंत्र पोर्ट मिळाल्याने टक्कर होण्याचे कारणच उरले नाही आणि पूर्णद्विदिश प्रेषण शक्य झाले. त्याचे मानक १९९७ मध्ये निघाले. तत्पूर्वी १९९५ मध्ये १०० मेगाबिटच्या मानकाबरोबर दोन्ही टोकांनी आपापली क्षमता कळवून सर्वोत्तम सामाईक पर्याय निवडण्याची स्वयंनिर्णयाची पद्धत आली. तांब्याच्या तारेवरील १,००० मेगाबिट जोडणीसाठी (१९९९) ती अनिवार्य ठरली.

एक टोक हाताने १०० मेगाबिट व पूर्णद्विदिश असे बांधून ठेवले आणि दुसरे स्वयंनिर्णयावर राहिले, तर दोष उद्भवतो. दुसऱ्या टोकास संकेतावरून वेग ओळखता येतो. द्विदिशता ओळखता येत नाही. म्हणून ते नियमानुसार अर्धद्विदिश होते. पहिले टोक केव्हाही बोलते. दुसरे त्यास टक्कर समजून आपले प्रेषण मध्येच तोडते. पोर्टवरील दिवा लागलेला असतो, लहान संदेशही पोहोचतात; परंतु मोठी फाईल पाठविताच गती कोसळते.

या दोषाचे स्वरूप धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहमार्गांवरून ध्यानात येते. येडशी व ढोकी या स्थानकांवरून जाणारा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. त्याची रुंदी ७६२ मिमी. असल्याने कुर्डुवाडीस माल उतरवून रुंदमापी गाडीत भरावा लागे. ही विसंगती उघड होती. तिचा खर्च सर्वांस कळत होता. धाराशिव शहरावरून जाणारा रुंदमापी मार्ग २००८ मध्ये कुर्डुवाडीस जोडला गेल्यावर ती संपली. ईथरनेटमधील वेगाची विसंगती अशीच असते. तीत बहुधा जोडणीच होत नाही. द्विदिशतेची विसंगती मात्र, एका स्थानकाने मार्ग एकेरी आणि दुसऱ्याने दुहेरी समजावा, तशी आहे. गाड्या सुटत राहतात आणि अपघात मार्गात होतात.

पोर्टची तपासणी म्हणून दोन्ही टोकांस करावी लागते. स्विचवरील नोंदीत प्रत्येक पोर्टचा प्रत्यक्ष वेग, द्विदिशता व दोषांची संख्या दिसते. अर्धद्विदिश टोकास उशिराच्या टकरी आणि पूर्णद्विदिश टोकास खंडित किंवा अशुद्ध चौकटी वाढत असल्यास विसंगतीचा संशय बळावतो. जुने आकडे पुसून काही काळाने पुन्हा पाहिल्यास दोष चालू आहे की पूर्वीचा, हे कळते. दोन्ही टोके स्वयंनिर्णयावर ठेवणे हा सामान्य उपाय होय. एक टोक बांधणे अपरिहार्य असल्यास दुसरेही तसेच बांधावे. वेग १,००० ऐवजी १०० दिसल्यास तारेच्या चारही जोड्या तपासाव्यात.

जिल्ह्यातील आठ तालुक्यांत सातबारा उतारा, पीकविम्याचा अर्ज यांसारखी कामे आता संगणकजालावर अवलंबून आहेत. खिडकीवर काम खोळंबले, की दोष मुंबईपासूनच्या अंतरास किंवा दूरच्या मुख्य यंत्रास दिला जातो. तांब्याच्या ईथरनेट जोडणीची मर्यादा मात्र १०० मी. असते. त्यामुळे या प्रकारचा दोष त्याच इमारतीत असतो आणि तेथील कर्मचाऱ्यास तो शोधून दुरुस्त करता येतो.