घरांतल्या वायूची वर्दी

वऱ्हाडांतील जुनें स्वयंपाकघर धुराचा विचार करून बांधलेलें असे. अमरावतीच्या परकोटाआंत काय किंवा अकोल्याच्या जुन्या शहरांत काय, चुलींत पऱ्हाटी, तुराटी आणि गोवरी जळे. कापूस बाजारांत गेला तरी त्याचीं वाळलेलीं झाडें सरपण म्हणून घरीं येत. धूर वर चढे, म्हणून झरोकाहि छपराशीं ठेवीत. धुरानें डोळे चुरचुरत, ठसका लागे. म्हणजे ज्याची भीति बाळगावयाची तो शत्रु स्वतःच आपली वर्दी देई. पुढें रॉकेलचा स्टोव्ह आला. त्याचा भडका डोळ्यांना दिसे आणि वास नाकाला कळे.

१९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत टाकींत कोंडलेला पेट्रोलियम वायु घरगुती उपयोगासाठीं विकावयास आरंभ केला. १९६५ सालीं कलकत्त्यांत ‘इंडेन’ निघाला. आणि पुढील दशकांत वऱ्हाडांतील शहरांतूनहि चूल मागें पडली. बायकांच्या छातींत जाणारा धूर गेला, हा लाभ लहान नव्हे. परंतु या नव्या पाहुण्याचा स्वभाव जुन्याच्या अगदीं उलट. हा वायु हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो गळला तर वर न जातां पाण्यासारखा फरशीवर पसरतो, ओट्याखालीं आणि कोनाकोपऱ्यांत सांचतो. छपराजवळचा झरोका त्याच्या कामीं येत नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलें कीं पुढें एका ठिणगीचेंच काम उरतें.

न दिसणाऱ्या वायूची वर्दी मिळविण्याची खटपट प्रथम झाली ती खाणींत. १८१२ सालीं इंग्लंडांतील फेलिंगच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ९२ जण दगावले. तीन वर्षांनीं हंफ्री डेव्हीनें दिव्याच्या ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसविली. ज्योतीवर निळसर टोपी चढली कीं खाणकऱ्यानें ओळखावें, वायु आला. पुढें जॉन हॉल्डेन यांच्या सूचनेवरून पिंजऱ्यांतले कॅनरी पक्षी खाणींत उतरूं लागले. मात्र पक्ष्याची योजना विषारी कार्बन मोनॉक्साइडसाठीं होती, भडकणाऱ्या वायूसाठीं नव्हे. हा भेद आजहि खरेदीच्या वेळीं विसरला जातो. दोहोंचीं यंत्रें निराळीं आहेत, आणि एक दुसऱ्याचें काम करील असें गृहीत धरणें धोक्याचें.

१८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंत टेक्सासमधील न्यू लंडन गांवच्या शाळेखालीं नैसर्गिक वायु सांचून स्फोट झाला आणि सुमारें तीनशें मुलें व शिक्षक ठार झाले. त्या वायूला वासच नव्हता. त्यानंतर वायूंत उग्र वासाचें द्रव्य मिसळण्याचा निर्बंध तेथें आला. आपल्या टाकींतला वासहि असाच मिसळलेला आहे. पण नाक कांहीं वेळानें त्या वासाला सरावतें, सर्दींत निकामी होतें, आणि झोपेंत त्याचा भरंवसा नाहीं. ही उणीव भरून काढली ती जपानच्या नाओयोशी तागुची यांनीं. वायूचा स्पर्श होतांच तापलेल्या टिन ऑक्साइडचा विद्युत्-रोध घटतो, या गुणावर त्यांनीं १९६२ च्या सुमारास संवेदक रचला. घरोघरीं बसणाऱ्या सूचकयंत्राचा पाया तोच.

यंत्र घ्यावें तें वायु पेटण्याच्या प्रमाणाला पोंचण्याच्या पुष्कळ आधीं घंटा देणारें, आणि वऱ्हाडांत तरी वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारें. त्यावर छापलेली मुदत अवश्य पाहावी. संवेदक म्हातारा होतो, आणि म्हाताऱ्याला ऐकूं येत नाहीं. खरी चूक होते ती जागेंत. घड्याळाप्रमाणें तें डोळ्यांसमोर उंच टांगण्याचा मोह पडतो. ही धुराच्या काळांतलीच संवय. टाकीच्या वायूसाठीं यंत्र फरशीपासून फूटभर उंचीच्या आंत हवें, शेगडीपासून चार मीटरच्या आंत, पण अगदीं तिच्या शेजारीं नको. फरशी धुतांना पाणी उडेल तेथें, कपाटामागें, किंवा वैशाखांत दारें मिटून लावलेल्या कूलरच्या ओल्या झोतांत तें बसवूं नये. नळानें येणारा नैसर्गिक वायु मात्र हवेहून हलका. तो ज्या घरीं येईल तेथें यंत्र छताजवळ न्यावें लागेल, आणि आजीचा झरोका पुन्हां उपयोगी पडेल.

घंटा वाजली तर आधीं रेग्युलेटर बंद करावा आणि दारें-खिडक्या उघडाव्या. विजेचें कोणतेंहि बटण दाबूं नये, लावण्यासाठीं नाहीं आणि विझविण्यासाठींहि नाहीं. पंख्याचें तर नाहींच. मग सर्वांनीं बाहेर पडून अंगणांतून १९०६ या क्रमांकावर कळवावें.