माळवद, पत्रे आणि कामगाराची झोप

घराचा इतिहास वाचावयाचा तर आधी छपराकडे पाहावे. राजूरच्या या मुलखातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. दुपारचे ऊन ती माती पिऊन टाकी. ते आत उतरेपर्यंत सांज होई, आणि माणसे माळवदावर निजावयास जात. साण्यातून धूर व तापलेली हवा बाहेर पडे. या गारव्याला पै लागत नसे.

मात्र गळती थांबविण्यासाठी वरचेवर माती पडे आणि भार वाढे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीकडे तोच भार, गणपती बोळवून निजलेल्या माणसांवर कोसळला. पुढे मराठवाड्यात अनेकांनी पत्रे घातले. त्यांचे भय खरेच होते. पण ओझ्याबरोबर सावलीही गेली. जालन्याच्या लोखंडी कारखान्यांत रात्रपाळी करणारा कामगार दिवसा पत्र्याखाली तळमळतो, आणि त्याच्या मजुरीतला वाटा पंख्या-कूलरच्या बिलात जातो.

भूकंपानंतर जुनी घरे सावरताना तज्ज्ञांनी क्रम सांगितला होता: माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा. उष्म्यालाही तसाच क्रम हवा. आधी भिंत भक्कम करावी. मग पत्र्यावर चुना, खाली हवेस जागा सोडून हलके छत. मग उंचावर झरोका, पश्चिमेस सावली. कूलर शेवटी. आठ तासांचे काम कामगारांनी लढून मिळविले. आठ तासांची झोपही त्याच हिशेबात धरावयास हवी.