पितळेचा साप

वसईला मित्राकडे गेलो की त्याच्या आईबरोबर चर्चमध्ये एक फेरी होतेच. मारियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, तिच्या पायांना हात लावायचा, मग घरी. पुण्यात माझ्या घराजवळ एक प्रोटेस्टंट चर्च आहे. तिथे पांढऱ्या भिंती आणि एक साधा लाकडी क्रूस. बस्स. येशू एकच, मग हा फरक का? म्हणून बायबल काढून बसलो.

'निर्गम'च्या २०व्या अध्यायात आज्ञा स्पष्ट आहे: कोरीव मूर्ती करू नकोस, तिच्या पाया पडू नकोस. गंमत म्हणजे पाचच अध्याय पुढे तोच देव मोशेला सांगतो, कराराच्या कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन पंखवाले करूब घडव. पुढे शलमोनाच्या मंदिरात तर भिंतीभर करूब, खजुरीची झाडं, फुलं. आणि पाण्याचं प्रचंड गंगाळ १२ बैलांच्या पुतळ्यांवर पेललेलं. म्हणजे सरसकट बंदी नव्हतीच.

मग ती सापाची गोष्ट. वाळवंटात सर्पदंशाने माणसं मरू लागली, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप खांबावर टांगला. त्याच्याकडे पाहील तो वाचे. पुढे कित्येक पिढ्यांनी तो जपला. इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस हिज्कीया राजाने पाहिलं, की लोक त्यालाच धूप जाळताहेत. त्याने तो फोडून टाकला. मोशेच्या हातची वस्तू! मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. साप तोच होता, बदलली होती लोकांची नजर.

हाच वाद इसवी सनाच्या आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात पेटला. सम्राटांनी ख्रिस्ताची, संतांची चित्रं काढायला लावली. त्यांच्या हाताबाहेर, खलिफाच्या राज्यात राहणाऱ्या दमास्कसच्या योहानाने उत्तर दिलं: देव माणूस होऊन डोळ्यांना दिसला, तर त्याचं चित्र का काढू नये? ७८७ साली निकेयाच्या परिषदेने ठरवलं, चित्राला आदर, उपासना फक्त देवाला. तरी भांडण मिटायला ८४३ उजाडलं.

इस्तंबूलच्या आयरीन चर्चचं छायाचित्र पाहिलं. ७४०च्या भूकंपानंतर ते पुन्हा बांधलं, तेव्हा राज्य चित्रविरोधकांचं होतं. सोनेरी कमानीत फक्त काळ्या रेषांचा एक क्रूस. चित्रं नको म्हणणाऱ्यांनी केलेलं हे काम, पण काय देखणं आहे! पुण्यातल्या त्या पांढऱ्या भिंतीही तेव्हापासून मला रिकाम्या वाटत नाहीत.

मित्राच्या आईला एकदा भीतभीतच विचारलं होतं, मावशी, पूजा मूर्तीची करता का? त्या हसल्या. "दुबईच्या लेकाचा फोटो मी रोज पुसते. तो फोटो काय माझा लेक आहे?"

हिज्कीयाच्या काळात सगळेच मावशींसारखे असते, तर साप वाचला असता. पण रोज धूप जाळताना फोटो कुठला आणि लेक कुठला, हे किती जणांच्या लक्षात राहतं?