खर्जाची जाति : बास गिटारवरील एका बटणाचा इतिहास

नादाचे तीन गुण आपल्या संगीतशास्त्रांत सांगितले आहेत : त्याचा लहानमोठेपणा, त्याचा उंचसखलपणा आणि त्याची जाति. पहिल्या दोहोंचें माप सहज घेतां येतें. तिसऱ्याचें तसें नाहीं. सनई व सारंगी एकाच षड्जावर, एकाच जोरानें वाजत असल्या, तरी डोळे मिटून बसलेलें लहान मूलसुद्धां सनई कोणती हें बिनचूक सांगेल; पण तें कशावरून, असें विचारलें कीं मोठमोठे अडखळतात. या तिसऱ्या गुणाला हात घालण्यासाठीं अमेरिकेंत जन्मलेल्या एका नव्या वाद्याच्या अंगावर एक लहानसें बटण बसविण्यांत आलें. तें कोणीं फिरवावें, किती फिरवावें, किंबहुना तें मुळांत कसें असावें, याविषयीं सत्तर वर्षांहून अधिक काळ जो खल चालला आहे, त्याची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

बास गिटार हें नांव आपल्या कानांस परकें राहिलेलें नाहीं. राहुलदेव बर्मन यांचीं १९७० नंतरचीं गाणीं ज्यांनीं ऐकलीं आहेत, त्यांनीं ठेक्याच्या खालून चालणारा हा खर्ज नकळत ऐकलेलाच आहे. चार जाड तारा, लांब मान, आणि पोकळ भोपळ्याऐवजीं लांकडाचा भरीव ठोकळा. तारेचा कंप ‘पिकअप’ नांवाचें लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें टिपून घेतें, आणि अँप्लिफायर त्याचा आवाज करतो. सिअ‍ॅटल शहरच्या पॉल टुटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास अशा तऱ्हेचें वाद्य करून विक्रीस ठेवलें होतें. पण तें चाललें नाहीं. तें चालविलें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर यांनीं, १९५१ सालीं. हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवीत नसत. त्यांचा मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा; १९३८ सालीं त्यांनीं त्याचें दुकान घातलें होतें. आमच्या मतें पुढील सर्व इतिहासाचें बीज या एका गोष्टींत आहे. वाद्यें घडविणाऱ्या सुताराच्या घराण्यांतला मनुष्य असता, तर त्यानें नादाची जाति लांकडांत व घोडींत शोधली असती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानें ती शोधली तारांच्या जोडणींत. त्या काळच्या रेडिओच्या पेटीवर आवाज कमीजास्त करण्याचें एक व ‘टोन’चें एक अशीं दोन बटणें असत. ‘प्रिसिजन बास’ या नांवानें फेंडर यांनीं जें वाद्य बाजारांत आणलें, त्याच्या अंगावरही नेमकीं हींच दोन बटणें होतीं.

या टोन-बटणाची करणी समजून घेतल्यावांचून पुढची गोष्ट कळावयाची नाहीं. तेव्हां वाचकांनीं थोडा धीर धरावा. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदास सुमारें ४१ कंपांचा असतो. परंतु त्या स्वराबरोबर उपस्वरांची एक मोठी पलटण निघते, आणि ती कांहीं हजार कंपांपर्यंत वर जाते. या उपस्वरांपैकीं कोणते प्रबळ व कोणते दुर्बळ, यावरच जाति ठरते. बटणाखालीं अडीच लाख ओहमचा एक फिरता रोध व त्याला जोडलेला एक कपॅसिटर, बहुधा एका मायक्रोफॅरडच्या विसाव्या हिश्शाचा, एवढाच सरंजाम असतो. कपॅसिटर उंच कंपांना सहज वाट देतो, खालच्यांना अडवितो. बटण पूर्ण उघडें असतांना ही वाट जवळजवळ बंद असते. तें मिटत नेलें म्हणजे उंच उपस्वर त्या चोरवाटेनें निघून जातात आणि मागें जाडाभरडा, गोल खर्ज उरतो. इतकें बहुतेक पुस्तकांत लिहिलेलें असतें. त्यांत आणखी एक बारकावा आहे. पिकअपचें वेटोळें व कपॅसिटर मिळून स्वतःची अशी एक प्रिय कंपसंख्या असते, आणि तेथें नाद किंचित् फुगतो. एरवीं हा फुगारा दोनतीन हजारांच्या घरांत असतो; बटण पूर्ण मिटलें कीं तो तीनचारशेंच्या आसपास उतरतो. मिटलेल्या बटणाचा नाद केवळ मंद न होतां घुमाऱ्याचा कां होतो, याचें कारण हें आहे.

आपल्या तंबोऱ्याशीं याची तुलना केल्यास एक भेद चटकन् डोळ्यांत भरतो. मिरजेचा कारागीर जवारी काढतो आणि वाजविणारा तारेखालीं सुताचा दोरा सरकवितो, तेव्हां निजलेले उपस्वर जागे होतात. फेंडर यांच्या बटणाला कोणाला जागें करतां येत नाहीं. त्याला फक्त निजवितां येतें. जें तारेनें व पिकअपनें दिलें त्यांतून तें वजा करतें. बेरीज त्याच्या हातीं नाहीं. बास गिटारच्या अंतरंगांत फेरफार करण्याचा जो उद्योग पुढें निघाला, तो बहुतांशीं या एका उणिवेविरुद्धचा आहे.

आरंभीं मात्र कोणाला ही उणीव भासलीही नाहीं. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनींत जेम्स जेमर्सन नांवाचा वादक होता. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या घरोघरीं गेलेल्या कित्येक गाण्यांचा खर्ज त्याचा आहे, जरी १९७१ पर्यंत त्याचें नांव तबकडीवर छापण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. त्याचा नाद जाड, मऊ, जरा बसक्या गळ्याच्या प्रौढ माणसासारखा. ऐकणाऱ्यास वाटावें, यानें टोनचें बटण पार मिटून टाकलें असेल. वस्तुस्थिति उलट आहे! त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बासवरील दोन्ही बटणें पूर्ण उघडीं असत. मऊपणा यावयाचा तो सपाट पट्टीच्या, कधींकाळींच बदलल्या जाणाऱ्या जुन्या तारांमुळें, घोडीवरील झांकणाखालच्या फोमच्या तुकड्यामुळें, आणि एकाच तर्जनीनें छेडण्याच्या त्याच्या संवयीमुळें. १९८३ सालीं तो वारला, त्याच्या थोडे दिवस आधीं तें वाद्य चोरीस गेलें. जाति एकट्या बटणांत राहत नाहीं याला याहून बळकट पुरावा आम्हांला ठाऊक नाहीं. आणि जे लोक जेमर्सनचा नाद मिळावा म्हणून बटणाखालचे कपॅसिटर बदलीत बसतात, त्यांनीं आधीं आपल्या तारा किती नव्या आहेत तें पाहावें.

फेंडर यांनीं १९६० सालीं ‘जॅझ बास’ काढला. त्यावर पिकअप दोन आले, आणि प्रत्येकाला आवाजाचें व टोनचें बटण निराळें मिळालें. जागा वांचावी म्हणून एकाच्या डोक्यावर दुसरें अशी त्यांची रचना होती. दोनएक वर्षांतच ही दुमजली व्यवस्था मोडून दोन आवाजाचीं व एक टोनचें, अशीं तीन साधीं बटणें आलीं, तीं आजतागायत आहेत. जेको पास्टोरियस या विलक्षण प्रतिभेच्या वादकानें याच जातीच्या वाद्याचे पडदे उपटून काढले, खांचा बुजविल्या, वर चकचकीत लेप दिला. पण आंतील जोडणीला हात लावला नाहीं. गिब्सन कंपनीनें १९६१ च्या ‘ईबी-३’ वर चार स्थानांची एक फिरती कळ दिली. तिजविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं.

रिकनबॅकर कंपनीच्या ‘४००१’ ची गोष्ट मात्र मनोरंजक आहे. हें वाद्य १९६१ चें. त्यांतील घोडीजवळच्या पिकअपच्या वाटेवर कंपनीनें एक अगदीं लहान कपॅसिटर आडवा घातला होता. फेंडर यांच्याहून साधारण दहापट लहान. फेंडरचा कपॅसिटर उंच स्वर बाहेर काढून देई. हा खर्जाला दारांतच अडवी, आणि त्यामुळें त्या पिकअपचा नाद पातळ व टोकदार होई. खर्जाच्या वाद्यांत खर्जालाच मज्जाव! पुष्कळ वादकांनीं पाठीमागची पट्टी उघडली, डाख सोडविला आणि तो कपॅसिटर काढून टाकला. पुढें कंपनीनेंही तो घालणें सोडलें. आणि मग काय झालें? ज्यांना पूर्वी तो नको होता, त्यांच्याच पुढच्या पिढीला तो पातळ नाद हवासा वाटूं लागला, आणि कंपनीनें बटण वर ओढलें कीं कपॅसिटर वाटेवर येईल अशी सोय करून तो परत आणला.

खरी क्रांति झाली ती कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागांत. १९६९ च्या सुमारास ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या सावलींत कांहीं मंडळी जमलीं व त्यांनीं ‘अलेम्बिक’ नांवाची संस्था काढली. अलेम्बिक म्हणजे किमयागारांचें अर्क काढण्याचें पात्र; आपल्या रसशास्त्रांतल्या ऊर्ध्वपातनयंत्राचें भावंड. त्यांतील रॉन विकरशॅम हे ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें करणाऱ्या अँपेक्स कंपनींत काम केलेले जाणते इंजिनियर होते. त्यांनीं गिटारच्या पिकअपकडे रेडिओवाल्याच्या दृष्टीनें न पाहतां मुद्रणालयाच्या दृष्टीनें पाहिलें. जुन्या पिकअपचा प्रवाह इतका दुबळा कीं अँप्लिफायरपर्यंतच्या लांब वायरींतच त्याचे उंच उपस्वर गळून पडत. म्हणजे वादकानें बटणाला हात लावण्यापूर्वीच वायरीनें आपलें बटण फिरविलेलें असे. विकरशॅम यांनीं वाद्याच्या पोटांतच बॅटरीवर चालणारा लहान प्रीअँप्लिफायर बसविला. प्रवाह सबळ होऊन बाहेर पडूं लागला, आणि मुख्य म्हणजे फुगारा कोठें असावा व किती असावा हें वादकाच्या हातीं आलें. प्रथम जॅक कॅसडी, फिल लेश यांच्या जुन्या वाद्यांचीं पोटें उघडून हे प्रयोग झाले. १९७२ सालीं कॅसडीसाठीं संस्थेनें आपला पहिला बास घडविला. विकत घेतलेल्या वस्तूची दुरुस्ती करतां करतां नवी वस्तु जन्मास येते, हें आम्हां इतिहास शिकविणारांस नवें नाहीं; येथें तें अवघ्या तीन वर्षांत घडलें.

बेरजेचें गणित तोंवर कागदावर सुटलेलेंच होतें. पीटर बॅक्सँडल या इंग्रज इंजिनियरानें ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या ऑक्टोबर १९५२ च्या अंकांत खर्ज व उंच स्वर दोन निरनिराळ्या बटणांनीं वाढविण्याची व घटविण्याची जोडणी प्रसिद्ध केली होती. घरगुती ग्रामोफोनच्या अँप्लिफायरांत ती सर्वत्र पसरली. तिच्या धर्तीवरच्या जोडण्या पुढें वाद्यांच्या पोटांत शिरल्या. आणि त्या कामीं पुन्हां लिओ फेंडर हेच पुढें आले. आपली कंपनी त्यांनीं १९६५ सालीं सीबीएसला विकली होती. नंतर टॉम वॉकर व फॉरेस्ट व्हाइट यांच्यासह ‘म्यूझिक मॅन’ मधून १९७६ सालीं त्यांनीं ‘स्टिंगरे’ बास काढला. त्यांत ९ व्होल्टची बॅटरी, आणि खर्जाला एक व उंच स्वरांना एक अशीं बटणें. लुइस जॉन्सन यानें अंगठ्यानें तारेवर थाप मारून त्यांतून जो कडाडणारा नाद काढला, तो जुन्या वजाबाकीच्या बटणांतून निघालाच नसता. पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः घातलेली मर्यादा स्वतःच ओलांडणारे कारागीर थोडे. फेंडर यांचें हें कर्तृत्व आम्हांला पहिल्याहून मोठें वाटतें.

आतां ज्यांच्यापाशीं जुने जॅझ बास होते त्यांना नवा नाद हवा झाला. न्यूयॉर्कमध्यें रॉजर सॅडोव्स्की यांनीं १९७९ सालीं दुकान घातलें, आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांतील वादक आपलीं वाद्यें घेऊन तेथें जाऊं लागले. मार्कस मिलर याच्या १९७७ च्या जॅझ बासमध्यें त्यांनीं प्रीअँप्लिफायर बसविला. त्या वाद्याचा स्वच्छ, धातूसारखा खणखणीत नाद पुढें एका पिढीचा आदर्श झाला. या यशाची दुसरी बाजू अशी कीं, गांवोगांवचे हौशी लोकही हातांत पटाशी घेऊन बसले. बॅटरीला जागा हवी, म्हणून १९६० व १९६२ सालच्या वाद्यांचीं पोटें कोरण्यांत आलीं, नव्या बटणांसाठीं भोंकें पाडण्यांत आलीं, आणि मूळ जोडणी केराच्या टोपलींत गेली. आज तींच वाद्यें अनाघ्रात स्थितींत मिळालीं तर संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात, आणि कोरलेल्या वाद्याकडे पाहून उसासे टाकतात.

हे उसासे आम्हांला अर्धेच पटतात. वाद्य हें शिलालेख नव्हे. मिलरचें वाद्य कांचेच्या कपाटांत अस्पर्श राहिलें असतें, तर एक नाद जगांत आलाच नसता. परंतु लांकूड एकदां कोरलें कीं परत भरत नाहीं, आणि डाख मात्र सोडवितां येतो. या दोहोंतला भेद ज्यानें ओळखला नाहीं, त्याच्या हौसेला आम्ही कारागिरी म्हणणार नाहीं. पुष्कळसे चांगले कारागीर आज जुनीच भोंकें वापरून नवी जोडणी बसवितात, आणि काढलेले भाग पिशवींत घालून मालकाच्या स्वाधीन करतात.

याच संग्राहकवृत्तीनें कपॅसिटरचा एक चमत्कारिक बाजार उभा केला आहे. कागद व तेलाचे जुने कपॅसिटर नाद ‘उबदार’ करतात असें सांगून ते भारी दरानें विकले जातात. आमच्यासारख्या, डाख देण्याचें हत्यार हातीं न धरलेल्या पुस्तकी माणसानें यांत बोलूं नये असें कोणी म्हणेल. पण बटण पूर्ण उघडें असतांना कपॅसिटर जवळजवळ खेळाबाहेरच असतो, आणि मिटलें असतां नादाचें भवितव्य त्याच्या मापावर ठरतें. माप बदलल्यानें नाद खरोखर बदलतो, आणि तो प्रयोग चार आण्यांच्या नव्या कपॅसिटरनेंही तितकाच होतो.

आणि एक. बॅटरीच्या वाद्याची वायर खांचेंत तशीच ठेवून मनुष्य झोपी गेला, कीं रात्रभर बॅटरी झिजत राहते, आणि दुसरे दिवशीं ऐन मैफिलींत नाद घशांत घुटमळून बंद पडतो. जुन्या दोन बटणांच्या वाद्यावर ही पाळी कधींच येत नाहीं. म्हणूनच कीं काय, बॅटरीच्या अनेक वाद्यांवर तिला वगळून जाणारी एक कळ ठेवलेली आढळते. आणि ज्या सॅडोव्स्कींनीं बेरजेचें बटण इतकें लोकप्रिय केलें, त्यांच्याच पुढच्या वाद्यांत प्रीअँप्लिफायरच्या शेजारीं आणखी एक बटण आलें. त्याला ते ‘व्हिंटेज टोन’ म्हणतात. त्याखालीं पुन्हां तोच एक रोध व तोच एक कपॅसिटर आहे.